आकाशातल्या रेणूंची ओळख कशी पटते?

वर्तमानपत्रात अधूनमधून एखादी छोटीशी बातमी येते. आकाशगंगेतील अमुक मेघात मद्यार्क सापडला, तमुक मेघात साखरेच्या जातीचा रेणू सापडला. अवकाशात सापडलेल्या अशा रेणूंची संख्या आता तीनशेच्या वर गेली आहे. बातमी वाचून आपण क्षणभर थक्क होतो आणि पान उलटतो. पण चौकस विद्यार्थ्याने येथे थांबून एक प्रश्न विचारायला हवा : तेथे जाऊन पाहिले कोणी? मृग नक्षत्रातील तेजोमेघ आपल्यापासून सुमारे १३०० प्रकाशवर्षे दूर आहे. तेथील वायू कुणी कुपीत भरून आणलेला नाही. दुर्बिणीने टिपलेले अतिशय क्षीण तरंग, एवढेच काय ते आपल्या हाती येते. मग त्यावरून रेणूचे नाव इतक्या छातीठोकपणे कसे सांगतात? आणि सांगताना चूक होत नाही काय?

चूक होते. तिची हकीगतही पुढे येणार आहे. आधी ओळख कशी पटवतात ते पाहू.

चुलीच्या किंवा दिव्याच्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकले, तर ज्योत पिवळीजर्द होते. हा पिवळा रंग मिठातील सोडियमचा. वर्णपटमापकातून पाहिले, तर ठराविक तरंगलांबीच्या दोन पिवळ्या रेषा एकमेकींना खेटून दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वेगळ्या. १८६८ साली सूर्याच्या कडेवरील ज्वालांमध्ये एक पिवळी रेषा दिसली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये झालेले खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी जान्सेन हे फ्रेंच शास्त्रज्ञ आपल्याकडे गुंटूरला आले होते, आणि लॉकियर इंग्लंडमधून सूर्याचा वर्णपट तपासत होते. ही रेषा सोडियमच्या रेषांशी जुळेना. तेव्हा लॉकियर यांनी ती नव्या मूलद्रव्याची ठरवून त्याला हेलियम असे नाव दिले. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ साली, रॅम्झी यांच्या प्रयोगशाळेत. म्हणजे रेषा आधी आकाशात आणि वस्तू सत्तावीस वर्षांनी जमिनीवर! हा क्रम ध्यानात ठेवावा.

थंड वायू बोलतो कसा?

सूर्य तप्त आहे म्हणून त्याचे अणू दृश्य प्रकाश देतात. पण ज्या मेघांत रेणू टिकून राहतात ते मेघ काळोखे आणि भयंकर थंड असतात. त्यांचे तापमान पुष्कळदा १० केल्व्हिनच्या आसपास, म्हणजे शून्याखाली २६३ अंश सेल्सिअस असते. एवढ्या थंडीत दृश्य प्रकाश देण्याइतकी ऊर्जा रेणूपाशी कोठून असणार? पण एक गोष्ट त्याला परवडते. तो भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरू शकतो.

आता कार्बन मोनॉक्साइडचा रेणू डोळ्यांसमोर आणा. काडीच्या दोन टोकांना दोन गोळ्या, एक कार्बनची आणि एक ऑक्सिजनची. या दोन टोकांवर किंचित विरुद्ध विद्युत्भार असतात. असे भार घेऊन काडी फिरू लागली की विद्युत्चुंबकीय तरंग निर्माण होणे ओघानेच आले. मात्र आपला भोवरा हळूहळू मंदावतो तसे रेणूचे होत नाही. पुंज सिद्धांताप्रमाणे रेणूला फिरण्याच्या ठराविक पायऱ्याच मोकळ्या असतात. सर्वांत खालच्या पायरीची ऊर्जा शून्य धरली, तर वरच्या पायऱ्यांच्या ऊर्जा २, ६, १२, २० या प्रमाणात वाढतात. एका पायरीवरून लगतच्या खालच्या पायरीवर उतरताना ऊर्जेचा जो फरक पडतो तो तरंगाच्या रूपाने बाहेर येतो. हे फरक २, ४, ६, ८ या प्रमाणात आहेत. म्हणून या रेणूच्या रेषा समान अंतरावर, जणू शिडीच्या कांड्यांसारख्या, मांडलेल्या असायला हव्यात.

प्रत्यक्षात काय आढळते? कार्बन मोनॉक्साइडची पहिली रेषा ११५.२७१ गिगाहर्ट्झ या कंप्रतेवर येते. कंप्रता म्हणजे दर सेकंदाला होणारी कंपने, आणि एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक अब्ज कंपने. या तरंगाची लांबी भरते २.६ मिलिमीटर. दुसरी रेषा २३०.५३८ वर आणि तिसरी ३४५.७९६ वर आहे. पहिलीची दुप्पट करून पाहा : २३०.५४२. तिप्पट : ३४५.८१३. मोजलेले आकडे जवळजवळ हेच आहेत, पण नेमके हेच नाहीत. किंचित कमी आहेत. का? गोफण जोराने फिरवली की दोरी ताणते. तसाच रेणू वेगाने फिरू लागला की त्याचे दोन अणू एकमेकांपासून जरा दूर सरकतात, त्याचे फिरण्यातील जडत्व वाढते आणि कंप्रता थोडी उतरते. आकडेमोडीतला हा बारीकसा फरक मला फार आवडतो. शेकडो प्रकाशवर्षे दूरच्या रेणूतला बंध ताणला जातो आणि त्याची खूण दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्या अंकात आपल्याला सापडते.

पहिल्या रेषेसाठी लागणारी ऊर्जा दृश्य प्रकाशाच्या एका कणाच्या ऊर्जेच्या सुमारे पाच हजारावा भाग आहे. १० केल्व्हिनच्या थंडीतही रेणूंच्या आपसांतील टकरींमधून तेवढी मिळून जाते. म्हणूनच थंड मेघांची भाषा ही मिलिमीटर तरंगांची भाषा आहे.

येथे निसर्गाने एक खोडी करून ठेवली आहे. या मेघांत सर्वाधिक असतो हायड्रोजन. पण त्याच्या रेणूची दोन्ही टोके सारखीच, त्यांवर विरुद्ध भार नाहीत. त्यामुळे तो फिरला तरी अशा रेषा देत नाही. मेघातला हा मुख्य रहिवासी मुका आहे, आणि त्याचा ठावठिकाणा आपल्याला कार्बन मोनॉक्साइडसारख्या बोलक्या शेजाऱ्यांकडून काढावा लागतो.

पत्र्याची तबकडी आणि कोरडी हवा

नारायणगावजवळील खोडद येथील रेडिओ दुर्बीण पुष्कळ वाचकांनी सहलीत पाहिली असेल. तिच्या ३० तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे, आणि त्या तारांच्या जाळीच्या आहेत. तेथे टिपले जाणारे तरंग सुमारे २० सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत लांब असल्याने त्यांना जाळी पुरते. मिलिमीटर तरंग त्या जाळीतून आरपार निघून जातील. त्यांच्यासाठी भरीव आणि अत्यंत गुळगुळीत तबकडी लागते. चिलीतील आटाकामा वाळवंटात ‘आल्मा’ ही ६६ तबकड्यांची दुर्बीण आहे. तिच्या पृष्ठभागात मिलिमीटरच्या चाळीसाव्या भागाएवढाही खडबडीतपणा चालत नाही. ती सुमारे ५००० मीटर उंचीवर बांधली, कारण हवेतील पाण्याची वाफ हे तरंग गिळून टाकते. पावसाळ्यातल्या कोकणात अशी दुर्बीण निव्वळ शोभेची ठरेल.

जाता जाता सांगायला हरकत नाही की, मिलिमीटर तरंग प्रयोगशाळेत निर्माण करून त्यांवर प्रयोग करणाऱ्या जगातील पहिल्या काही जणांत आपले जगदीशचंद्र बोस होते. १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात त्यांनी सुमारे ५ मिलिमीटर लांबीचे तरंग वापरले होते. त्या तरंगांनी कोणी आकाश धुंडाळील, अशी कल्पना तेव्हा कुणाला असणे शक्य नव्हते.

१९७० साली अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात किट पीक येथील ३६ फुटी तबकडी मृगातील तेजोमेघाकडे रोखून विल्सन, जेफर्ट्स आणि पेंझियास यांनी कार्बन मोनॉक्साइडची ११५ गिगाहर्ट्झची रेषा पकडली. यांतील विल्सन आणि पेंझियास म्हणजे विश्वात सर्वत्र भरलेले सूक्ष्मतरंग प्रारण शोधून काढणारी जोडी. त्या शोधासाठी पुढे १९७८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कार्बन मोनॉक्साइडची ओळख पटवणे सोपे होते, कारण त्याची कंप्रता प्रयोगशाळेत आधीच मोजलेली होती. नळीत वायू भरायचा, तीतून मिलिमीटर तरंग सोडायचे, आणि कोणत्या कंप्रतेला वायू ते शोषून घेतो ते टिपायचे. आकाशातला आकडा आणि नळीतला आकडा जुळला की झाले.

एक्स-ओजेन

पण आकाशातला आकडा कोणत्याच कोष्टकात नसेल तर?

त्याच १९७० साली, त्याच ३६ फुटी तबकडीवर, डेव्हिड बुल आणि लुइस स्नायडर हे दोघे काम करीत होते. हायड्रोजन सायनाइडची ८८.६३ गिगाहर्ट्झची रेषा त्यांना मिळाली होती. तिच्याजवळच ८९.१९ गिगाहर्ट्झला आणखी एक रेषा दिसली. ती चांगली ठळक होती आणि आकाशात अनेक दिशांना मिळत होती. कोष्टके चाळली, पण तेथे बसेल असा रेणू कोणाला सापडेना. नाव तर द्यायलाच हवे. म्हणून हायड्रोजन, ऑक्सिजन यांच्या धर्तीवर अर्ध्या थट्टेने त्यांनी ‘एक्स-ओजेन’ असे नाव ठेवून दिले.

हार्वर्ड विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्लेंपरर यांनी त्याच वर्षी एक तर्क मांडला. त्यांचे म्हणणे असे की, हा हायड्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजन यांचा प्रत्येकी एक अणू असलेला रेणू आहे. मात्र एक इलेक्ट्रॉन गमावलेला, म्हणजे धनभारित आयन आहे. या तर्कामागचे एक सूत्र शाळेतल्या विद्यार्थ्यालाही पडताळता येईल. हायड्रोजन सायनाइडमध्ये हायड्रोजनचा १, कार्बनचे ६ आणि नायट्रोजनचे ७ मिळून १४ इलेक्ट्रॉन. क्लेंपरर यांच्या आयनात १, ६ आणि ८ मिळून १५, त्यांतून एक वजा, पुन्हा १४! इलेक्ट्रॉन तेवढेच, अणू तितकेच, वजनही जवळपास सारखे. तेव्हा दोघांची ठेवण सारखी आणि फिरण्याची कंप्रता जवळजवळची असणार. ८८.६३ आणि ८९.१९ हे शेजारी आहेत ते उगाच नव्हे.

तर्क सुंदर होता. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे, आणि शंका घेणाऱ्यांचेही म्हणणे रास्त होते. एक तर हाती रेषा एकच. शिडीची एकच कांडी दिसत असताना शिडी कोणाची हे कसे सांगावे? दुसरी कांडी १७८.४ गिगाहर्ट्झजवळ असायला हवी. पण हवेतील पाण्याच्या वाफेची जोरदार शोषण-रेषा १८३ वर आहे. तिच्या लगतचा हा भाग जमिनीवरून दिसणे कठीण. दुसरे असे की, मेघ स्थिर नसतात. जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा स्वर चढतो, तशी मेघाच्या गतीने कंप्रता सरकते. सेकंदाला एक किलोमीटर वेग असला तर येथे ०.०००३ गिगाहर्ट्झचा फरक पडतो. त्यामुळे आकाशातून मिळालेल्या आकड्याचे शेवटचे अंक नेहमीच थोडे संशयास्पद असतात. तिसरी अडचण सर्वांत मोठी. धनभारित आयन अवकाशात इतक्या संख्येने असतील यावर पुष्कळांचा विश्वासच बसत नव्हता.

मग प्रयोगशाळेत मोजून का पाहिले नाही? कारण हा आयन बाटलीत ठेवता येत नाही. ज्याला धडकेल त्याच्याशी तो संयोग पावतो. आपल्या हवेत दर घनसेंटिमीटरला सुमारे पंचवीसावर अठरा शून्ये इतके रेणू असतात, म्हणजे धडकेला तोटा नाही. काळोख्या मेघात ही संख्या काही हजार ते काही लाख एवढीच असते, म्हणून तेथे हा बापुडा जगतो.

उत्तर मिळायला १९७५ साल उजाडले. विस्कॉन्सिन विद्यापीठात वुड्स, डिक्सन, सेकॅली आणि सांतो या चौघांनी विरळ केलेल्या हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइडच्या मिश्रणातून विद्युत् विसर्जन घडवले. नळी उजळत असताना आयन सतत जन्मतात आणि सतत नष्ट होतात, पण कोणत्याही क्षणी थोडे शिल्लक असतात. त्या थोड्यांतून मिलिमीटर तरंग सोडून त्यांनी कंप्रता मोजली : ८९.१८८५ गिगाहर्ट्झ. आकाशातल्या रेषेची जागा हीच. पुढच्या वर्षी आणखी एक साक्ष मिळाली. साध्या कार्बनऐवजी जड कार्बन-१३ असलेला तोच आयन आकाशात ८६.७५४ गिगाहर्ट्झला आढळला. क्लेंपरर यांचा तर्क खरा ठरला आणि एक्स-ओजेन हे नाव इतिहासजमा झाले.

हा केवळ नाव ठेवण्याचा खटाटोप नव्हता. एवढ्या थंडीत रासायनिक क्रिया होतातच कशा, हे तोपर्यंत कोडे होते. साध्या, भाररहित रेणूंना संयोग पावण्यासाठी बहुधा थोडी ऊब लागते, आणि १० केल्व्हिनला ती नाही. आयनाला तशी गरज भासत नाही. तो शेजारच्या रेणूला आपल्याकडे ओढूनच घेतो. १९७३ साली हर्बस्ट आणि क्लेंपरर यांनी अशा क्रियांची साखळी मांडली होती. विश्वकिरण हायड्रोजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन उडवतात. तो आयन दुसऱ्या हायड्रोजन रेणूला भेटून तीन अणूंचा हायड्रोजन आयन बनतो. आणि हा त्रिकुटी आयन आपल्याकडचे एक प्रोटॉन कार्बन मोनॉक्साइडला देऊन टाकतो. तयार झाला एक्स-ओजेन! यांतील त्रिकुटी आयन समभुज त्रिकोणाच्या आकाराचा, म्हणजे हायड्रोजनसारखाच मुका. मिलिमीटर तरंगांत तो दिसणे शक्यच नाही. अवरक्त प्रकाशात त्याचा छडा लागला तो १९९६ साली. तोवर तो तेथे आहे याचे मोठे प्रमाण म्हणजे त्याचा हा वारस.

घाई कशी अंगाशी येते

आता कबूल केलेली चुकीची हकीगत. ग्लायसीन हे सर्वांत साधे ॲमिनो आम्ल. आपल्या शरीरातील प्रथिनांचा एक घटक. ते आंतरतारकीय वायूत आहे काय, हा प्रश्न किती मोठा आहे हे सांगायला नको. २००३ साली एका संशोधक गटाने जाहीर केले की, तीन मेघांमधून ग्लायसीनच्या २७ रेषा मिळाल्या आहेत. एका रेषेवर एक्स-ओजेनचे एवढे महाभारत झाले. येथे तर सत्तावीस! पण ग्लायसीन म्हणजे दोन गोळ्यांची काडी नव्हे. दहा अणूंचा हा वेडावाकडा रेणू तिन्ही अक्षांभोवती वेगवेगळ्या तऱ्हेने फिरतो आणि त्याला हजारो रेषा असतात. शिवाय ज्या मेघांत तो शोधायचा त्यांचे वर्णपट इतर रेणूंच्या रेषांनी खच्चून भरलेले. गर्दीच्या बाजारात पंचवीस-तीस चेहरे ओळखीचे वाटले, तर त्यात नवल ते काय?

२००५ साली हा दावा कसोशीने तपासला गेला. तपासणाऱ्यांत पुढे कोण होते? तेच लुइस स्नायडर, एक्स-ओजेनवाले. त्यांच्या गटाने प्रश्न उलटा विचारला. जुळणाऱ्या रेषा किती हे बाजूला ठेवा. ग्लायसीन खरोखर असेल तर ज्या रेषा दिसल्याच पाहिजेत, त्या सगळ्या दिसतात का? काही महत्त्वाच्या रेषा त्यांच्या जागी नव्हत्या. दावा टिकला नाही. धूमकेतूंत ग्लायसीन सापडले आहे. रोझेटा यानाने ६७-पी या धूमकेतूजवळ जाऊन ते प्रत्यक्ष मोजल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले. परंतु आंतरतारकीय वायूत त्याचा पक्का पुरावा अद्याप मिळालेला नाही.

शुक्रावर फॉस्फिन सापडल्याची सप्टेंबर २०२० मधील बातमी अनेकांना आठवत असेल. ती २६७ गिगाहर्ट्झजवळच्या एकाच रेषेवर उभी होती, आणि त्या रेषेला अगदी खेटून सल्फर डाय-ऑक्साइडचीही एक रेषा आहे. तो वाद अजून मिटलेला नाही. अशा बातमीत ‘जीवसृष्टी’ हा शब्द दिसला की आधी रेषा किती ते पाहावे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो.

याच्या उलट दिशेचे उदाहरण हेलियम व हायड्रोजन यांच्या संयुक्त आयनाचे. प्रयोगशाळेत तो १९२५ साली सापडला होता. विश्वाच्या आरंभी पहिल्यांदा जुळलेला रेणू हाच असावा, असे सिद्धांत सांगतो. पण आकाशात त्याचा पत्ता नव्हता. हा रेणू फार हलका. हलका म्हणून फिरण्याची कंप्रता फार मोठी. त्याची पहिली रेषा २.०१ टेराहर्ट्झला, म्हणजे २०१० गिगाहर्ट्झला येते. तरंगलांबी मिलिमीटरच्या सुमारे सातव्या भागाएवढी. हे तरंग हवेतील वाफ जमिनीपर्यंत येऊच देत नाही. शिवाय तेथेच कार्बन-हायड्रोजन या रेणूच्या रेषा चिकटून आहेत, आणि आधीच्या एका अवकाश दुर्बिणीला त्या वेगळ्या काढता आल्या नव्हत्या. अखेर ‘सोफिया’ या विमानात बसवलेल्या दुर्बिणीने, हवेतल्या बहुतेक बाष्पाच्या वर जाऊन, एनजीसी ७०२७ या तेजोमेघात ही रेषा शेजाऱ्यांपासून स्वच्छ अलग करून दाखवली. हा शोध २०१९ साली प्रसिद्ध झाला. ‘सोफिया’चे उड्डाण २०२२ साली थांबले.

आता वाचकांसाठी एक गणित. दोन अणूंच्या रेणूची कंप्रता त्याच्या प्रभावी वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. प्रभावी वस्तुमान काढायचे ते दोन्ही वस्तुमानांच्या गुणाकाराला त्यांच्या बेरजेने भागून. साध्या कार्बन मोनॉक्साइडसाठी १२ × १६ भागिले २८, म्हणजे ६.८५७. कार्बन-१३ असेल तर १३ × १६ भागिले २९, म्हणजे ७.१७२. म्हणून कंप्रता ११५.२७१ × ६.८५७ ÷ ७.१७२ = ११०.२१ गिगाहर्ट्झच्या आसपास यावी. मोजलेली आहे ११०.२०१. आता कार्बन साधाच ठेवून ऑक्सिजन मात्र १८ वस्तुमानाचा घ्या आणि रेषा कोठे येईल ते स्वतः काढा. उत्तर १०९.७८ च्या आसपास आले तर समजा की बरोबर आहे. दुर्बिणींना ती रेषा १०९.७८२ वर सापडली आहे.